अनुभवी परिचारिकेने रुग्णालय कसे निवडावे? मेहकरमधील पर्याय, पगार आणि रात्रपाळीचे गणित

मेहकर : जीएनएम होऊन दहा-बारा वर्षे झालेली, रात्री दोनची डिलिव्हरी आणि पहाटेचा अपघात दोन्ही सांभाळलेली सिस्टर नोकरी बदलायला निघते, तेव्हा तिला पहिला प्रश्न येतो, 'सध्या किती मिळतात?' तिचाही पहिला प्रश्न तोच असतो, 'तुम्ही किती देणार?' बहुतेक बोलणी इथेच संपतात. रात्री वॉर्डात आपल्यासोबत कोण असेल आणि सरकारी भरतीसाठी आपल्या हातात किती वर्षे उरली आहेत, हे विचारायचे राहून जाते. नंतर पस्तावा होतो तो बहुधा या दोन गोष्टींचाच.

पर्याय कोणते आहेत?

ढोबळमानाने चार. गावातली खासगी रुग्णालये, राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पद, राज्य सरकारची कायम नोकरी आणि मेहकर सोडून अकोला, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरचे मोठे रुग्णालय. गेल्या काही वर्षांत या नकाशात भर पडली आहे. २०२४ मध्ये बुलढाणा, वाशीम आणि जालना या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता मिळाली. मेहकर या तिघांच्या मधोमध आहे. अध्यापन रुग्णालयाला परिचारिका जास्त लागतात, त्यामुळे पुढच्या काळातील जाहिरातींकडे या भागातल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींनी लक्ष ठेवायला हरकत नाही.

वेतनात फरक किती?

राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेची सातव्या वेतन आयोगातील वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. २०२५ मध्ये एकटा महागाई भत्ताच मूळ वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत स्टाफ नर्सला एकत्रित मानधन २०,००० रुपये दिसत आले आहे. म्हणजे एकाच इमारतीत, एकाच वॉर्डात, एकच इंजेक्शन देणाऱ्या दोघींच्या पगारात दुपटीहून जास्त अंतर पडू शकते.

खासगीसाठीही एक मोजपट्टी आहे, पण ती फार कमी जणींना माहीत असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. समितीची शिफारस अशी : २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकेच वेतन, १०० ते २०० खाटांत फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्के कमी आणि ५० पेक्षा कमी खाटा असतील तर किमान २०,००० रुपये. केरळने २०१८ मध्ये अधिसूचना काढून खासगी परिचारिकांचे किमान वेतन २०,००० रुपये केले. इतरत्र ही शिफारसच राहते, तिच्या जोरावर कोणाला कोर्टात खेचता येणार नाही. तालुक्याच्या ठिकाणची बहुतेक खासगी रुग्णालये शेवटच्या गटात मोडतात, तेव्हा निदान बोलणी करताना हा आकडा माहीत असावा. तो २०१६ चा आहे, हेही समोरच्याला सांगावे.

इथे एक विचित्र गोष्ट लक्षात येते. छोट्या खासगी रुग्णालयात सगळा डोलारा अनुभवी सिस्टरवर उभा असतो आणि पगार मात्र कमी. सरकारीत पगार चांगला, पण सरळसेवेने लागलेली बारा वर्षांच्या अनुभवाची परिचारिका आणि काल पास झालेली मुलगी दोघी ३५,४०० वरच सुरू करतात. अनुभवाचा दाम थोडाफार मिळतो तो मोठ्या शहरी रुग्णालयात, तेही आयसीयू, डायलिसिस, नवजात शिशू कक्ष किंवा ऑपरेशन थिएटरचा अनुभव असेल तर.

वयाचा मुद्दा का महत्त्वाचा?

राज्याच्या सरळसेवा भरतीत कमाल वय खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. एकविसाव्या वर्षी पास झालेली मुलगी बारा वर्षे खासगीत राहिली की ३३ ची होते. खुल्या प्रवर्गात असेल तर पाच वर्षे उरली आणि भरती काही दरवर्षी निघत नाही. परीक्षा संगणकावर होते, तिला अभ्यास लागतो. बारा तासांची ड्युटी करून तो होत नाही. म्हणून ३० ते ३८ या वयातल्या परिचारिकेने आठ तासांची, ठरलेल्या सुट्टीची नोकरी दोन-तीन हजार कमी मिळाले तरी विचारात घ्यावी.

कंत्राटी मार्गाचे गणित वेगळे आहे. अभियानात १० वर्षे सेवा झालेल्यांना नियमित पदांच्या ३० टक्के जागांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी कर्मचाऱ्यांना १९ ऑगस्ट २०२५ पासून संपावर जावे लागले, यावरून वेग समजतो. शिवाय ही दहा वर्षे अभियानातीलच हवीत, खासगीतली मोजली जात नाहीत. चौतिसाव्या वर्षी रुजू होणारी चव्वेचाळिसाव्या वर्षी पात्र ठरेल. चोवीस वर्षांच्या मुलीसाठी हा रस्ता आहे, चौतिशीतल्या बाईने मात्र तो 'कायम होण्याच्या' आशेवर धरू नये. सरकारीतही सारे आलबेल नाही. वेतनत्रुटी आणि कंत्राटी भरतीच्या विरोधात राज्यातील परिचारिकांनी जुलै २०२५ मध्ये संप केला होता.

रात्रपाळीत काय पाहायचे?

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष सर्वसाधारण वॉर्डासाठी अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि इतर रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका असा आहे. हा निकष मुलाखतीत वाचून दाखवण्यात अर्थ नाही. रुग्णालय ठरवण्याआधी एकदा रात्री आठला, ड्युटी बदलायच्या वेळी जाऊन यावे. नातेवाईक बसतात त्या बाकावर अर्धा तास बसावे. नाइटला किती जणी आल्या, त्यांतल्या नोंदणीकृत किती आणि 'शिकाऊ' म्हणून घेतलेल्या मुली किती, हँडओव्हर नीट होतो की पर्स उचलून निघतात, हे सगळे दिसते. नोंदणी नसलेल्या मुलीने चुकीचा डोस दिला तरी चार्टवर सही असते ती सिस्टरची.

मग थेट विचारावे. रात्री डॉक्टर रुग्णालयातच असतात की फोनवर? फोनवर दिलेली ऑर्डर सकाळी लिहून सही होते का? डिलिव्हरी घेतात तर रात्री बालरोगतज्ज्ञ किती वेळात येतात? बदली आली नाही तर डबल ड्युटी कोण करते आणि तिचे पैसे मिळतात का? वॉर्डात मावशी असते का, की बेडपॅन, बिलिंग आणि औषधांचे दुकान सगळे एकटीनेच पाहायचे?

समृद्धी महामार्गाने या प्रश्नांना वेगळी धार आली आहे. १ जुलै २०२३ ला सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून २५ जणांचा जीव गेला. अपघाताचे रुग्ण आता कोणत्याही रात्री येतात आणि त्यांच्यामागे जमावही येतो. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण पोलीस येईपर्यंतच्या वीस मिनिटांत दाराशी सुरक्षारक्षक आहे का, हेच महत्त्वाचे.

समृद्धीमुळे जालना जवळ आले का?

गाडी असेल तर आले. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे स्कूटीवाल्या सिस्टरसाठी जुनाच रस्ता आणि एसटी. मेहकरला रेल्वे नाही. कारचा टोल १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे झाला, म्हणजे शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन ४१२ रुपये, डिझेल वेगळे. रोज हे परवडत नाही. बाहेरची नोकरी घ्यायची तर वसतिगृह किंवा खोली धरूनच हिशेब करावा. डोणगाव, जानेफळकडून मेहकरला येणाऱ्यांचा प्रश्न साधाच आहे : रात्री आठला ड्युटी सुटल्यावर गावाकडे गाडी आहे का?

हातात किती आणि खात्यात किती?

दोन रुग्णालयांचे देकार समोर आहेत असे समजू. एक म्हणते, २० हजार रोख, पीएफ वगैरे काही नाही. दुसरे म्हणते, १९ हजार, पण पीएफ कापू. १५,००० मूळ वेतन धरले तर सिस्टरचे १,८०० आणि रुग्णालयाचे १,८०० असे ३,६०० रुपये तिच्या नावावर जमा होतात. हातात १७,२०० येतात, एकूण मात्र २०,८००. शिवाय निवृत्तिवेतन, विमा आणि बँकेत कर्जासाठी दाखवायला पगाराचा पुरावा. पीएफ २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला बंधनकारक आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर पहिल्या दोन बाळंतपणांत २६ आठवड्यांची पगारी रजा आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हेही कायद्याने आलेच. 'आमच्याकडे तसली पद्धत नाही' हे उत्तर मिळाले तर रुग्णालयात एकूण माणसे किती, ते मोजून घ्यावे.

कोणते कागद सांभाळायचे?

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मुदतीत नूतनीकरण केलेली हवी. नियुक्तिपत्र मागून घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी त्याला आणखी बळ दिले आहे. जुने रुग्णालय सोडताना अनुभव प्रमाणपत्रावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणता विभाग, किती खाटा आणि पूर्णवेळ होते का, हे लिहून घ्यावे. 'त्यांची वागणूक चांगली होती' एवढ्या ओळीचा पुढे कोणालाच उपयोग होत नाही. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्या रुग्णालयाला साक्षांकित प्रती द्याव्यात. तरीही मूळच हवीत म्हणत असतील, तर राजीनाम्याच्या दिवशी काय होईल याचा अंदाज त्याच दिवशी येतो.