गिटारचा पासपोर्ट

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेले बरेच जण आधी काय करतात, ठाऊक आहे? तार छेडत नाहीत. गिटार उलटसुलट करून ‘मेड इन’ शोधतात! अमेरिका दिसलं की डोळे चमकतात, इंडोनेशिया किंवा चीन दिसलं की लगेच घासाघीस सुरू. हा फंडा कितपत खरा?

आपल्या माधवनगरकरांना नावाची किंमत वेगळी सांगायला नको. शेजारच्या मिरजेत शिकलगर मंडळी दीडशेहून अधिक वर्षं सतारी-तानपुरे घडवतायत. २०२४ मध्ये या वाद्यांना जीआय मानांकनही मिळालं. म्हणजे गावाचं नाव हीच खात्री. गिटारच्या दुनियेत तेच काम देशाचं नाव करतं. पण तिथे हिशेब जरा गुंतागुंतीचा आहे.

सीमेच्या अल्याड-पल्याड

फेंडर कंपनीचा एक कारखाना कॅलिफोर्नियात कोरोना इथे, दुसरा मेक्सिकोत एन्सेनाडाला. अंतर गाडीने काही तासांचं. दोन्हीकडे स्ट्रॅटोकास्टर बनते, पण अमेरिकन स्ट्रॅट साधारण दुप्पट महाग! यातले काही पैसे चांगले पिकअप, हार्डवेअर आणि फ्रेटच्या फिनिशिंगचे. काही अमेरिकन पगारांचे. आणि उरलेले चक्क नावाचे.

इंडोनेशियाचं बघा. स्क्वायरची अनेक स्वस्त मॉडेल्स तिथल्या कॉर्टच्या कारखान्यात बनतात आणि पीआरएसची बरीच महागडी एसई मालिकाही कॉर्टच तिथे बनवते. देश तोच, दर्जा वेगळा! कारण लाकूड, पार्ट्स आणि तपासणीवर किती खर्च करायचा, हे ब्रँड ठरवतो.

शिक्का बदलतो बरं!

१९७० च्या दशकात जपानी गिटार म्हणजे ‘कॉपी’ म्हणून नाकं मुरडली जायची. त्याच काळात सीबीएसच्या मालकीच्या फेंडरच्या दर्जाबद्दल मात्र तक्रारी वाढत होत्या. १९८२ मध्ये फेंडरनेच जपानमध्ये उत्पादन सुरू केलं. तेव्हाच्या ‘जेव्ही’ सिरियल नंबरच्या स्क्वायर गिटारसाठी आज संग्राहक चांगली किंमत मोजतात.

विकायची वेळ आली तर...

सेकंडहँड घेणाऱ्याला गिटारची आतली हालहवाल कळत नाही. म्हणून तो शिक्क्यावर विसंबतो. साहजिकच अमेरिकन आणि जपानी गिटारला गिऱ्हाईक लवकर मिळतं. स्वस्त गिटारचा भाव मात्र दुकानाबाहेर पडताच कोसळतो. दोन-तीन वर्षांत विकायचीच असेल तर सेकंडहँड घ्या; पहिला फटका आधीच्या मालकाने सोसलेला असतो. पिकअप बदललेत तर मूळचे जपून ठेवा. आणि हो, हेडस्टॉकवरचा लोगो कुणीही चिकटवू शकतो, तेव्हा सिरियल नंबर तपासाच.

वाजवण्यासाठीच हवी असेल तर बिनधास्त इंडोनेशियन घ्या. उरलेल्या पैशांत बरा अँप येईल आणि जाणकाराकडून सेटअपही होईल. फक्त मान सरळ आहे ना, फ्रेटची टोकं बोटाला टोचत नाहीत ना, सूर टिकतोय ना, हे बघा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसलं की फ्रेट बाहेर डोकावतात, मग गिटार कुठल्याही देशाची असो!

मिरजेत तानपुरा घेणारा जाणकार नुसत्या गावाच्या नावावर पैसे टाकत नाही. तार छेडतो, जवारी ऐकतो, मग खिशात हात घालतो. गिटार घेतानाही तेच करा, बॉस. पासपोर्ट नंतर बघा!