सोनकी

भाद्रपद सरता सरता सह्याद्रीच्या माथ्यावरील पाऊस ओसरू लागतो, दिवसचे दिवस उतारांना बिलगून बसलेले धुके दुपारपर्यंत तरी वर उचलले जाते, आणि मग पुरंदर-राजगडच्या माच्यांपासून साताऱ्याजवळच्या कास पठारापर्यंत डोंगरांच्या अंगावर जो पिवळा रंग चढलेला दिसतो, तो बहुतांशी एकाच वनस्पतीचा असतो. हात-दीड हात उंचीचे, कातरलेल्या कडांच्या पानांचे आणि टोकाशी फांद्या फुटून त्यावर रुपयाएवढी पिवळी फुले धरणारे हे रोप म्हणजे सोनकी. वर्णनकारांनी तिला ‘सोन्याचा गालिचा’ म्हणण्याचा प्रघात पाडला आहे. मला तो शब्द कधी रुचला नाही. गालिचा पायाखाली घालण्यासाठी असतो, आणि छायाचित्राच्या हौसेने फुलांच्या मधोमध जाऊन बसणाऱ्यांनी त्या शब्दाचा अर्थ फारच अक्षरशः घेतलेला आहे.

सोनकी समूहाने पाहिली जाते; तिचे एक फूल जवळून पाहणारा विरळा. राजगडच्या सुवेळा माचीवर, तटाच्या सावलीत बसून, खिशातले लहानसे भिंग मी प्रथम तिच्यावर धरले तेव्हा ज्याला आजवर फूल म्हणत आलो ते फूल नसून फुलांची एक भरगच्च सभा आहे, हे पुस्तकातून पाठ असलेले सत्य पहिल्यांदा डोळ्यांना पटले. कडेची जी एकेक पिवळी पाकळी म्हणून आपण मोजतो ती स्वतःच एक संपूर्ण पुष्पक असते आणि तिच्या बुडाशी केवळ स्त्रीकेसर असतो. मधल्या चकतीत दाटीने उभ्या असलेल्या चिमुकल्या नळ्या हीही फुलेच. मात्र ती द्विलिंगी. या सगळ्यांना खालून एका हिरव्या पेल्यात बांधून ठेवले आहे ते छदांच्या वर्तुळाने. नळीच्या आत पाच पुंकेसरांचे परागकोश कडेने एकमेकांस जुळून त्यांची एक बारीक नळकांडी होते आणि पराग तिच्या आतल्या बाजूस सांडतात. मग खालून वाढणारे कुक्षिवृंत एखाद्या दट्ट्यासारखे त्या नळकांडीतून वर सरकते, परागांचा पुंजका पुढे लोटीत तोंडाशी आणून ठेवते, आणि मधमाशी तो घेऊन गेल्यावरच आपले टोक दुभंगून, दोन्ही फाटे बाहेर वळवून, परक्या फुलाच्या परागांसाठी मोकळे करते. चकतीतील फुले कडेकडून मध्याकडे एकेका फेरीने उमलतात, त्यामुळे त्या एकाच वर्तुळात बाहेर परागाचे काम आटोपलेली, मध्ये ते चालू असलेली आणि ऐन केंद्रात अद्याप मिटलेली फुले एकाच वेळी दिसतात. मी पाहत असता एक माशी येऊन त्या चकतीवर गोल फिरली आणि पायांना पिवळी होऊन उडाली.

ही रचना सूर्यफुलाच्या सबंध कुळाची आहे. 25,000 हून अधिक जातींचे हे कुळ पृथ्वीवरील फुलझाडांत अग्रगण्य असून आपल्या ओळखीचे माका आणि सहदेवी त्यातलेच. दसरा-दिवाळीच्या तोरणातला झेंडू सोनकीचा भाऊबंदच, पण त्याचे मूळ मेक्सिकोत. आणि 1955 च्या सुमारास पुण्यात ज्याची प्रथम नोंद झाली ते गाजरगवतही याच कुळाचे, परदेशातून येऊन इथला मुलुख बळकावून बसलेले. सोनकी मात्र या मातीची आहे.

तिच्या शास्त्रीय नावाला थोडा इतिहास आहे. मुंबई इलाख्याच्या टपाल खात्यात डेप्युटी पोस्टमास्तर जनरल असलेल्या जॉन ग्रॅहम यांनी आपल्या नोकरीच्या व्यापातून वेळ काढून मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी सिद्ध केली. ती 1839 साली निघाली. पण पुस्तक छापून पुरे होण्यापूर्वीच, त्याच वर्षी, खंडाळ्यास त्यांचे देहावसान झाले आणि उरलेले काम निम्मो नावाच्या स्नेह्याने तडीस नेले. पुढे 1881 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी हिंदुस्थानच्या वनस्पतींच्या आपल्या बृहद्ग्रंथात या रोपाला ‘सेनेसिओ ग्रॅहमी’ असे नाव दिले. दुर्दैवाने तेच नाव आधी दुसऱ्या एका वनस्पतीच्या नावे दाखल झालेले निघाले, तेव्हा नामकरणाच्या कायद्यानुसार फेरफार होऊन ती ‘सेनेसिओ बॉम्बेएन्सिस’ झाली. त्या सज्जन टपाल अधिकाऱ्याचे नाव असे दप्तरातून खारीज व्हावे याची मला आजही हळहळ वाटते. डोंगरावरच्या माणसांना या फेरफारांची वार्ताही नव्हती. त्यांची ती सोनकीच राहिली.

कासच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, जांभ्याच्या कातळावरचा मातीचा थर इतका पातळ असतो की झाडांच्या मुळांना तेथे थारा मिळत नाही. जे काही जगायचे ते पावसाची ओल टिकते तोवर उगवून, फुलून, बी धरून मोकळे व्हावे लागते, आणि वर्षायू सोनकीने हा हिशेब नेमका साधला आहे. पश्चिम घाटासोबत 2012 साली कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, गर्दी वाढली, संरक्षणासाठी तारेचे कुंपण पडले, आणि कालांतराने ते काढण्यातही आले. गुरांची चराई आणि या फुलांचे सड्यावरील जीवन पिढ्यान्‌पिढ्या एकत्र चाललेले होते, तेव्हा कुंपणाने ही चराई थांबते, हा अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो. माणसांचे पाय आवरणे मात्र अवश्य होते व आहे.

‘सेनेसिओ’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘म्हातारा’ आहे. कारण पाहायचे तर कार्तिकाच्या अखेरीस पुन्हा वर जावे. गवत तोवर वाळून तांबूस झालेले असते, सोनकीची पाने करपलेली असतात, आणि पिवळ्या चकत्यांच्या जागी पांढऱ्या केसांचे गोंडे उभे असतात. प्रत्येक पुष्पकाचे एकेक बी, त्याच्या माथ्यावर निदलांचेच रूपांतर होऊन आलेला मऊ केसांचा झुबका. आपल्याकडची मुले वाऱ्यावर तरंगत येणाऱ्या असल्या बीला ‘म्हातारी’ म्हणतात. रोमच्या भाषेने आणि आमच्या अंगणातल्या पोरांनी परस्परांस न विचारता तिला म्हातारपणच दिले आहे. सुवेळा माचीवर त्या दिवसांत उताराकडून वारा चढला की एकेक गोंडा सैल होतो, आणि म्हाताऱ्या तटावरून उडून खालच्या दरीकडे निघतात.