गुलाबी रंग दिला, पण शॉपिंग सेंटर कोणासाठी?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: ‘जुन्या शहरी शॉपिंग सेंटरच्या नूतनीकरणाच्या यशाचा अभ्यास करणे.’ गाइडनी ‘यश’ या शब्दाभोवती गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘कोणाचं?’ तेव्हा खट्टू झाले होते. पण त्या एका प्रश्नामुळे अख्खा आराखडा बदलला. तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये असा एखादा शब्द दडलेला असणार, म्हणून हे लिहितेय.

आधी दोन संकल्पना वेगळ्या करू. नूतनीकरण म्हणजे इमारतीत बदल: रंग, दिवे, सरकते जिने, पार्किंग. रिपोझिशनिंग म्हणजे त्या सेंटरचं बाजारातलं स्थान बदलणं: ग्राहक कोण, दुकानं कुठली, भाडं किती, लोकांनी इथे यायचं ते कशासाठी. पहिलं दुसऱ्याशिवाय होऊ शकतं. बऱ्याचदा होतं ते तसंच, आणि मग पैसे खर्चूनही फरक का पडला नाही हे कळत नाही.

आता उदाहरण. दक्षिण लंडनमध्ये 1965 साली एलिफंट अँड कॅसल शॉपिंग सेंटर सुरू झालं. छताखालचं असं बाजारसंकुल तेव्हा युरोपात नवलाईचं होतं. पण जागा होती मोठ्या वाहतूक-चौकाला लागून. पायी येणाऱ्यांना भुयारी मार्गांतून वाट काढावी लागे. सुरुवातीला बरेच गाळे रिकामेच राहिले. 1990 च्या दशकात इमारतीला चक्क भडक गुलाबी रंग दिला गेला. रंग बदलला, पण रस्ते आणि भुयारं होती तिथेच होती. म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे!

पण गोष्ट इथे संपत नाही. कालांतराने तिथे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या लोकांची दुकानं आणि खाणावळी उभ्या राहिल्या. बिंगो हॉल होता, बोलिंग होतं. वयस्कर मंडळी दुपार घालवायला यायची. विकासकाच्या हिशेबात ‘कालबाह्य’ असलेली ही इमारत कित्येकांचं पोट भरत होती. म्हणजे रिपोझिशनिंग झालंच होतं, फक्त ते कुणी आखलेलं नव्हतं. सप्टेंबर 2020 मध्ये सेंटर बंद झालं आणि 2021 मध्ये पाडलं गेलं. त्या जागेच्या योजनेत घरं, दुकानं आणि विद्यापीठाचा कॅम्पस आहे. काही व्यापाऱ्यांना जवळच तात्पुरते गाळे मिळाले, सगळ्यांना नाही.

असा प्रश्न लंडनलाच पडतो असं नाही. मुंबईत हाजी अलीजवळ 1999 मध्ये क्रॉसरोड्स मॉल सुरू झाला, तेव्हा काही काळ आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे. नाहीतर प्रवेश शुल्क. पुढे ती अट गेली, आणि नंतर मॉलचं नावही बदलून सोबो सेंट्रल झालं. ‘कोणासाठी?’ याचं उत्तर एरवी भाड्याच्या दरात लपलेलं असतं. इथे ते थेट दारावर होतं.

आता संशोधनाच्या कामाचं बोलू. अशा विषयात मला तीन खड्डे दिसले.

पहिला, सरासरीचा. बदलानंतर दर गाळ्यामागची सरासरी विक्री वाढली, असं आकडे सांगतील. पण जुने दुकानदार जाऊन मोठे ब्रँड आले असतील, तर एकाही जुन्या दुकानदाराचा धंदा न वाढता सरासरी वाढते. आकडा खरा, निष्कर्ष चुकीचा.

दुसरा, उरलेल्यांचा. काम झाल्यावर सर्व्हेला गेलात, तर जे टिकले तेच भेटतील. जे गेले, त्यांचं मत तुमच्या डेटात येणारच नाही. म्हणून गाळेधारकांची यादी काम सुरू व्हायच्या आधीच करा आणि गेलेल्यांनाही शोधा.

तिसरा, आधी-नंतरचा. त्याच वर्षी जवळ मेट्रो स्टेशन सुरू झालं, तर वाढलेली गर्दी कशामुळे? नूतनीकरण न झालेलं, पण बाकी बाबतीत मिळतंजुळतं असं एखादं सेंटर तुलनेला घेतल्याशिवाय हे सांगता येत नाही.

माझ्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे: ‘नूतनीकरणानंतर मालक, जुने गाळेधारक आणि नेहमीचे ग्राहक यांच्या स्थितीत झालेल्या बदलांचा स्वतंत्रपणे अभ्यास करणे.’ वाक्य लांबलं खरं, पण आता काय मोजायचं आणि कुणाला भेटायचं, ते मला माहीत आहे.

आज एवढंच करा. तुमचा सिनॉप्सिस उघडा. ‘यश’, ‘विकास’, ‘सुधारणा’, ‘परिणामकारकता’ यांपैकी जो शब्द सापडेल, त्याच्यापुढे पेन्सिलीनं लिहा: कोणाची? उत्तर एका ओळीत आलं नाही, तर डेटा गोळा करायला अजून बाहेर पडू नका.