विश्लेषण : धंदा बुडाला म्हणजे माणूसही बुडाला का?

नोकरी सोडून व्यवसायात उतरू पाहणाऱ्यांना यशोगाथा भरपूर ऐकायला मिळतात. त्यांत अपयश असतेच, पण तोंडी लावण्यापुरते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्रही बहुधा असेच सांगितले जाते. मात्र त्यांची अपयशे एका जातीची नव्हती आणि नवउद्योजकाने पाहण्यासारखे आहे ते नेमके हेच.

किर्लोस्करांना कोणती अपयशे आली?

१८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तेथे त्यांना रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. रंग सुटले तरी रेषा हातात होती. ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला परतले. बंधू रामुअण्णांसोबतचे सायकलींचे दुकान (उद्योगसमूह आपली स्थापना १८८८ ची मानतो), मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. जम बसू लागला तोच नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली.

रंगांधत्वात दोष कुणाचाच नव्हता. बढतीचा प्रकार हा अन्याय होता. जागा जाणे हा प्रशासनाचा निर्णय. या तिन्हींत ‘मी कमी पडलो’ असे म्हणून स्वतःला कुरतडत बसण्यासारखे काही नव्हते. नांगराचे मात्र तसे नव्हते.

नांगर का विकला गेला नाही?

१९०३ च्या सुमारास तयार झालेला हा नांगर चांगला होता, पण लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. अशा वेळी ग्राहकाला अडाणी ठरवून मोकळे होणे सर्वांत सोपे. आजही ‘लोकांना आमचे अ‍ॅप कळलेच नाही’ असे म्हणणारे भेटतात. पण ज्याचे वर्षभराचे पोट एका हंगामावर आहे, तो अनोळखी अवजारावर पैज का लावेल? फसला तर नुकसान त्याचे, विकणाऱ्याचे नव्हे. ग्राहकाची ही भीती हादेखील व्यवसायाचाच खर्च असतो आणि तो प्रकल्प अहवालात क्वचितच लिहिलेला असतो. पुढे, १९२० मध्ये, लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, त्यातून कारखाना आणि ग्राहक यांच्यात बोलणे सुरू झाले. 

दोन वर्षे विक्री नसताना टिकता येईल का, हा प्रश्न जिद्दीपेक्षा रोकड किती आहे याचा आहे. किती रक्कम आणि किती महिने, हे आकडे सुरुवातीलाच कागदावर लिहून घरच्यांना दाखवलेले बरे. बुडायला लागल्यावर ठरवलेली मर्यादा रोज पुढे सरकते.

नशिबाचा वाटा किती?

बराच. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर माळजमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. औंधचे संस्थान पाठीशी नसलेले किती कारागीर त्या काळात विस्मरणात गेले असतील, याची नोंद कुठे सापडत नाही. त्यामुळे ‘ते करू शकले, मग तुम्ही का नाही’ हा व्याख्यानांतला प्रश्न थोडा अप्रामाणिकच आहे.

आज धंदा बुडाला तर घर जाते का?

हे व्यवसायाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. एकल मालकीत कायद्याच्या दृष्टीने धंदा आणि मालक एकच; देणी घरापर्यंत येतात. भागीदारी संस्थेत भागीदाराने केलेल्या देण्यांसाठीही आपण जबाबदार. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत भागधारकाची जबाबदारी भागभांडवलापुरती असते, पण बँकेने घेतलेल्या वैयक्तिक हमीपत्रावर सही केली की ती भिंत कोसळते. अशा हमीदारांवर दिवाळखोरी संहितेखाली कारवाई होऊ शकते, यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे. देणेकऱ्याला दिलेला धनादेश न वटल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, तेव्हा ‘तारीख टाकून ठेवा, बघू’ हा प्रकार टाळावा. आपलेच पैसे अडकले असतील तर ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघू उत्पादकाला आणि सेवा पुरवठादाराला २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे मागण्याचा हक्क दिला आहे. मोठे गिऱ्हाईक तुटेल या भीतीने तो वापरायला अनेकजण कचरतात, हेही खरे.

हमीपत्रावर सही करायला बहुधा पत्नी, वडील किंवा भाऊही बँकेत सोबत येतात. अधिकारी फुल्या केलेल्या जागा दाखवतात आणि दहा मिनिटांत काम उरकते. तो कागद आदल्या दिवशी घरी मागवून सर्वांनी मिळून वाचता येतो.