नेटवर आहे म्हणजे फुकटचं नसतं

तायांनो, कवी सुरेश भट आपल्या अमरावतीचे. 1932 साली इथंच जन्मले. त्यांचे शेर मोबाईलवर फिरत असतात. खाली कित्येकदा नावच नसतं, कधी भलत्याचंच असतं. पोरं तेच उचलतात अन् पुढं पाठवतात.

1957 चा कॉपीराइट कायदा सांगतो की कवी गेल्यावरही 60 वर्षं त्याच्या लिखाणाचा हक्क राहतो. भट 2003 मध्ये गेले, म्हणजे 2063 संपेपर्यंत. तुकोबांचे अभंग कुणीही गावेत. पण आजच्या गायिकेनं गायलेल्या अभंगाचं रेकॉर्डिंग मात्र ते काढणाऱ्या कंपनीचं!

पोरांना कलमं सांगून उपयोग नाही, ते ऐकत नाहीत. गटातलंच उदाहरण द्या. समजा, तुम्ही दिवसभर राबून सरगुंड्यांचा व्हिडिओ काढला. दुसऱ्या कुणी तुमच्या गटाचं नाव कापलं, स्वतःचा नंबर टाकला, अन् ऑर्डरी तिकडं गेल्या. कसं वाटेल, हे पोरीलाच विचारा. सरगुंडे कुणीही करावेत, त्यावर कुणाची मालकी नाही. पण तुम्ही काढलेला व्हिडिओ, फोटो, तुम्ही लिहिलेले शब्द तुमचेच. त्याला नोंदणीही लागत नाही.

आता पोरांच्या नुकसानीचं. यूट्यूबवर दुसऱ्याचं गाणं किंवा पिक्चरचा तुकडा टाकला तर मालक तक्रार करू शकतो. तक्रार मान्य होऊन व्हिडिओ काढला गेला की चॅनेलला स्ट्राइक लागतो. 90 दिवसांत असे तीन झाले की चॅनेलच बंद पडू शकतं, वर्षभराची मेहनत पाण्यात. खाली 'सौजन्य' लिहिलं म्हणून सुटका होत नाही. नाव देणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं. व्हिडिओला संगीत हवंच असेल तर यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत मिळतं. फक्त नाव द्यायची अट आहे का, ते वाचून घ्यावं.

सगळंच बंद, असंही नाही बरं. अभ्यासासाठी उतरवून घेणं, निबंधात कवीचं नाव देऊन दोन ओळी घेणं चालतं. बालभारतीची पुस्तकं तर त्यांच्याच साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत. ती वाचा, पण छापून विकू नका.

अन् हो, आपल्या मुंगवड्यांच्या पाकिटावरचा फोटो कुठून आणला, हे पुढच्या बैठकीत विचारून घ्या. नेटवरून उचललेला निघाला तर आपल्याच वड्यांचा नवा काढायला सांगा. पोरं मोबाईलवर छान काढतात.