तहाला कोण बसले होते?

स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या देशाने परक्या सत्तेची मदत घ्यावी की नाही, हा जुना वाद आहे. पण हाताशी बंदुका नाहीत, आरमार नाही, अशा वेळी ‘नको’ म्हणणे सहसा परवडत नाही. म्हणून मदत घेताना पुढचा प्रश्न विचारायला हवा. लढाई संपल्यावर तह कोण करणार?

फिलिपिन्सचे उदाहरण पाहू. तिथे तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य होते. १८९६ मध्ये उठाव झाला. पुढच्या वर्षी समझोता होऊन बंडाचे नेते एमिलिओ आगिनाल्दो हाँगकाँगला गेले. १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटले. १ मे रोजी जॉर्ज ड्यूई यांच्या अमेरिकी आरमाराने मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश जहाजांचा धुव्वा उडवला. त्याच महिन्यात आगिनाल्दो अमेरिकी जहाजातून मायदेशी परतले. स्वातंत्र्याचे तोंडी आश्वासन मिळाल्याचे ते सांगत. ड्यूई यांनी ते नाकारले. लेखी काहीच नव्हते.

१२ जूनला आगिनाल्दोंनी स्वातंत्र्य जाहीर केले. त्यांच्या सैन्याने मनिलाला वेढा घातला. पण १३ ऑगस्टला, आधीच ठरवलेल्या लुटुपुटीच्या लढाईनंतर, स्पेनने शहर अमेरिकनांच्या स्वाधीन केले. फिलिपिनो सैनिकांना तटाच्या आत येऊ दिले नाही. डिसेंबरमध्ये पॅरिसला तह झाला. अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर दिले आणि बेटे घेतली. फिलिपिनो दूत फेलिपे आगोन्सिल्यो यांना वाटाघाटींत जागाच मिळाली नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये कालचे मित्र एकमेकांवर गोळ्या झाडू लागले.

आता याच पॅरिसमधला १७८३ चा तह आठवा. ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकेलाही परक्यांची, म्हणजे फ्रान्सची, मोठी मदत झाली होती. पण फ्रान्सने १७७८ मध्येच लेखी करार करून तिला स्वतंत्र राष्ट्र मानले होते. शिवाय ब्रिटनशी बोलणी फ्रँकलिन, ॲडम्स आणि जे यांनी स्वतः केली. तहावर सह्याही त्यांच्याच होत्या. परकी मदत दोन्हीकडे होती. फरक पडला तो लेखी मान्यतेने आणि तहातल्या जागेने.

फिलिपिन्सला अमेरिकेकडून स्वातंत्र्य मिळाले ४ जुलै १९४६ रोजी. १९६२ पासून मात्र तो देश आपला स्वातंत्र्यदिन १२ जूनलाच साजरा करतो.