माजी सैनिकांची दुखणी आणि पूरक उपचार : संशोधन काय सांगते?

आपल्या समाजाचे सैन्याशी असलेले नाते जुने आहे. १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यासाठी केलेला पाठपुरावा सर्वश्रुत आहे. या शौर्याविषयी आपण अभिमानाने बोलतो. परंतु गणवेश उतरवल्यानंतर सैनिकाच्या देहात आणि मनात जे उरते, त्याविषयी क्वचितच बोलतो.

जवान साधारणतः पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. त्यानंतर कोणी शेतीकडे वळतो, तर कोणी खाणीवर किंवा कारखान्यात सुरक्षारक्षक होतो. कंबर व गुडघ्यांचे दुखणे त्याच्या सोबतीला असते. काहींना रात्री दचकून जाग येते, फटाक्याचा आवाज सोसत नाही, लहानशा कारणाने संताप अनावर होतो. वैद्यकशास्त्र यास आघातोत्तर मानसिक ताणविकार म्हणते. गावात मात्र ‘बाहेरचे लागले’ असे म्हणून अंगारे-धुपारे सुरू होतात, किंवा दारूचा आधार घेतला जातो. म्हणूनच हा विषय आम्हांस पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे मांडणे अगत्याचे वाटते.

मुख्य वैद्यकीय उपचाराच्या जोडीने योग, ध्यान, अॅक्युपंक्चर, मालिश यांसारख्या पद्धती वापरणे म्हणजे पूरक उपचार. डॉक्टर, समुपदेशक व अशा पद्धतींचे प्रशिक्षक यांनी एका योजनेने रुग्णाकडे पाहणे म्हणजे एकात्मिक उपचार. औषध सोडून केवळ जडीबुटीवर विसंबणे यांपैकी कशातच बसत नाही. हा भेद प्रथम लक्षात ठेवावा.

या क्षेत्रातील बरेचसे संशोधन अमेरिकेतील माजी सैनिकांच्या शासकीय रुग्णालयांत झाले. तेथे अफूजन्य वेदनाशामकांचे व्यसन वाढल्याने औषधाविना वेदना कमी करण्याचे मार्ग शोधणे निकडीचे झाले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट कंबरदुखी असलेले १५० माजी सैनिक होते. त्यांतील एका गटाला आठवड्यातून दोनदा, असे १२ आठवडे योगाचे वर्ग देण्यात आले. दुसऱ्या गटाला ते नंतर मिळाले. बाराव्या आठवड्यात हालचालींच्या अडचणींत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. सहाव्या महिन्यात मात्र योग करणाऱ्यांची स्थिती अधिक चांगली आढळली. धीर धरला तरच गुण येतो, असा त्याचा अर्थ.

मनाच्या जखमांविषयीचा २०१५ चा अभ्यास आपणांस अधिक जवळचा आहे. बौद्ध ध्यानपरंपरेतून शिकलेले जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथे रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. श्वासाकडे व शरीरातील संवेदनांकडे तटस्थपणे पाहणे हा त्याचा गाभा. मिनियापोलिस येथे ताणविकाराच्या ११६ माजी सैनिकांवर तो पडताळण्यात आला. दोन महिन्यांनंतर सजगता शिकलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के, तर तुलनेच्या गटातील २८ टक्के जणांनी लक्षणांत लक्षणीय उतार पडल्याचे सांगितले. तथापि विकाराचे निदानच पुसले जाण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत मोठा फरक नव्हता. भार हलका होतो. विकार मुळासकट जाईलच, असे नाही.

२०१८ मध्ये २०३ माजी सैनिकांवरील दुसऱ्या अभ्यासात भावातीत ध्यान हे प्रस्थापित मानसोपचाराहून कमी पडत नाही, असे आढळले. मात्र प्रमुख संशोधक त्याच ध्यानपद्धतीच्या विद्यापीठाशी संबंधित होते. इतिहासाच्या अभ्यासकाने साधन कोणाचे, हे आधी पाहावे. तोच नियम येथेही लागू होतो.

आपल्या देशातही वाटा आहेत. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये १९२४ पासून योगाचा शास्त्रीय अभ्यास चालू आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होतात. २०२२ मध्ये संरक्षण व आयुष मंत्रालयांनी ३७ छावणी रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रे सुरू करण्याचा निर्णय घेतला. येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना दहा दिवसांचे मौन शिबिर सुचवले जात नाही. तीव्र आघातातून गेलेल्या व्यक्तीच्या जुन्या आठवणी शांततेत उसळून येऊ शकतात. डॉक्टरांशी बोलूनच शिबिराचा अर्ज भरावा आणि अर्जात आजार लपवू नये.

मग घरच्यांनी काय करावे? प्रथम निदान. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये किंवा शासकीय रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी; मार्गदर्शनासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. सैन्यदलांच्या कुटुंबांसाठी तिचा विशेष कक्ष २०२३ मध्ये पुण्यात सुरू झाला. चालू औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत. आसने व ध्यान प्रशिक्षकाकडूनच शिकावे आणि झोप, वेदना, चिडचिड यांची नोंद वहीत ठेवावी. तीन महिन्यांत फरक नसेल, तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर एक दिवसही थांबू नये.

केवळ परंपरेने सांगितले म्हणून काही स्वीकारू नये, अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहावे, ही तथागतांची शिकवण. ध्यान आपल्या परंपरेतून आले म्हणून त्याला या कसोटीतून सूट नाही. सीमेवर उभ्या राहिलेल्या माणसाला घरी परतल्यावर अंगाऱ्याऐवजी योग्य उपचार मिळावा, एवढे तरी आपण शिकलेल्यांनी पाहिलेच पाहिजे.